मेंढीची वीण चाऱ्याच्या हंगामाशी जुळवा
(मेंढीपालकांच्या मेळाव्यातील भाषण)



मी कृषिविद्या विषय शिकवितो. पिकांचा माणूस मेंढ्यांवर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. परंतु आपली दख्खनी मेंढी जगते ती शेतातील पालापाचोळ्यावर आणि भुसकटावर. म्हणून तिच्या विणीचे वेळापत्रक पिकांच्या वेळापत्रकावरूनच ठरविले पाहिजे.

दूर दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि बोलिव्हियाच्या उंच पठारावर, अल्पाका हा लोकर देणारा प्राणी पाळतात. तो सुमारे साडेअकरा महिने गाभण राहतो व बहुधा एकच पिल्लू देतो. तेथे बहुतेक पिल्ले पावसाळ्यात, हिरवे गवत असताना जन्मतात. आपली मेंढी सुमारे १५० दिवसांत विते. म्हणजे वीण केव्हा हवी हे ठरवून पाच महिने आधी नर सोडणे आपल्या हाती आहे.

आपल्याकडे अनेक कळपांत नर वर्षभर मेंढ्यांतच असतो. डिसेंबर-जानेवारीत फळलेली मेंढी मे-जूनमध्ये विते. त्या वेळी रानात चारा नसतो, आईला दूध नसते आणि लगेच पाऊस लागतो. काळ्या जमिनीच्या चिखलात अशक्त कोकरू तग धरत नाही. पाच महिन्यांची मेहनत आठवड्यात वाया जाते.

यासाठी नर वेगळा बांधावा. ते शक्य नसल्यास त्याच्या पोटाखाली गोणपाटाचे फडके बांधावे. १५ जून ते जुलैअखेर नर कळपात सोडावा. मेंढी सुमारे १७ दिवसांनी पुन्हा माजावर येते; त्यामुळे या दीड महिन्यात प्रत्येक मेंढीला किमान दोन संधी मिळतात. २५ ते ३० मेंढ्यांस एक निरोगी नर पुरतो. दर दोन वर्षांनी नर बदलावा, म्हणजे बाप-लेकींचा संकर टळेल. नर सोडण्यापूर्वी तीन आठवडे जंतनाशक पाजून प्रत्येक मेंढीस रोज २०० ग्रॅम भरडा किंवा बाभळीच्या शेंगा द्याव्यात. शेपटीभोवतालची लोकर कातरावी. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी.

अशा मेंढ्या नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर वितात. पोटातील कोकराची बहुतांश वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. त्या सुमारास सोयाबीन निघून रान मोकळे होते. मात्र सांडलेले दाणे अधिक खाल्ल्यास पोट फुगते, म्हणून कळप अशा रानात थोडा वेळच चारावा. पुढे दुभत्या मेंढीला तुरीचा पाला मिळतो आणि कोकरू चरू लागते तोवर हरभऱ्याचे भुसकट तयार होते.

या वेळापत्रकात एकच अडचण आहे, ती थंडीची. परभणीचा पारा काही वर्षी पाच अंशांच्या खाली उतरतो. कोकरांना रात्री आडोसा आणि कोरडे अंथरूण द्यावे. जन्मताच नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे व तासाभरात चीक पाजावा.

जुळ्यांबद्दल नेहमी विचारले जाते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतील जुळे देणारा गुण दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. परंतु जुळी जन्मणे वेगळे आणि दोन्ही जगणे वेगळे. आईच्या पोटात खुराक नसेल तर चांगल्या वाणाचाही उपयोग नाही.

जाडीभरडी काळी लोकर आज घोंगडीपुरती उरली आहे. मेंढपाळाचा प्रपंच चालतो तो जगलेल्या कोकरांवर आणि शेतात मेंढ्या बसविण्याच्या मोबदल्यावर. शेतकऱ्याने रान मोकळे होताच मेंढपाळाला बोलवावे. त्याला चारा मिळेल, जमिनीला लेंडीखत मिळेल. मेंढपाळाने नर सोडल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी. त्या तारखेत १५० दिवस मिळवा आणि तेव्हा आपल्या शिवारात चारा असेल का, एवढेच पाहा.