पत्रकाची खालची ओळ

पदवी घेणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातले बहुतेक जण 2020 साली दहावीला होते. सगळे पेपर झाले, भूगोलाचा तेवढा राहिला. 23 मार्चला होणार होता, तो आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून तुम्हाला भूगोलाचे गुण मिळाले. मार्चच्या त्याच आठवड्यात मुदखेड जंक्शनवरून परभणी, निजामाबाद, आदिलाबादकडे जाणाऱ्या प्रवासी गाड्या थांबल्या. लग्नं थांबली, देवळं बंद झाली. या मुदखेड तालुक्यातल्या मळ्यांत गुलाब, झेंडू, गलांडा झाडावर होता, पण तोडून न्यायचा कुठे? अशा दिवसांत घरात बसून करायचं काय, तर टीव्ही लावायचा आणि मोबाइल बघायचा. खेळायच्या-भांडायच्या वयात तुम्ही दिवसभर कोरोनाच्या मृत्यूंचे आकडे ऐकलेत. त्याबद्दल तुमच्याशी कुणी नीट बोललं असेल, असं मला वाटत नाही.

मी तेव्हा नांदेडच्या एका दैनिकात काम करत होते. बातमीवरच माझं पोट. रोज संध्याकाळी जिल्हा माहिती कार्यालयाचं पत्रक यायचं आणि त्यावर आमचं पहिलं पान ठरायचं. त्या पत्रकात वर असायचं : आज इतके बाधित, इतक्यांचा मृत्यू. खाली गेलं की औषधोपचारानंतर घरी सोडलेले किती, गृहविलगीकरणातले किती, आणि कुठल्या रुग्णालयात किती खाटा रिकाम्या आहेत. ज्याच्या घरात म्हातारा बाप तापाने फणफणलाय त्याच्या कामाची ओळ ही खाटांची. पण लोक वरची ओळ वाचायचे, तीच पुढे पाठवायचे, आणि रात्री झोप लागत नाही म्हणून पुन्हा तीच बघायचे. भीतीने माणूस सावध होतो म्हणतात. थोडीशी असेल तर होतोही. जास्त झाली की तो ताप लपवतो. दवाखान्यात गेलेला परत येत नाही, असं ऐकून ऐकून कितीतरी लोकांनी अंगावर दुखणं काढलं आणि श्वास लागल्यावरच ते दारात आले.

जागतिक आरोग्य संघटनेने 18 मार्च 2020 रोजीच याबद्दल सूचना काढल्या होत्या. जीव घाबरा करणाऱ्या बातम्या कमी बघा, खात्रीच्या ठिकाणाहून दिवसातून एकदा-दोनदा, ठरलेल्या वेळी माहिती घ्या, आणि आपल्या भागात बरे झालेल्यांच्या गोष्टी लोकांपर्यंत पोचवा, असं त्यात होतं. साधा सल्ला आहे. आपल्यातल्या फार थोड्यांनी तो पाळला.

आता तुमच्या शेजारच्याच तालुक्यात काय झालं ते सांगते, कारण मला जे म्हणायचंय ते सगळं त्यात आहे. भोकर तालुक्यातलं भोसी, साधारण सहा हजार वस्तीचं गाव. 2021 साली, दुसरी लाट चढत असताना, एका लग्नानंतर गावातल्या एका मुलीला लागण झाल्याचं कळलं. पुढच्या आठवड्यात आणखी पाच जण निघाले. गावाने तोंड फिरवलं असतं तर नवल नव्हतं, तेव्हा बहुतेक ठिकाणी लोक तपासणीलाच भीत होते. पण जिल्हा परिषद सदस्य प्रकाश देशमुख भोसीकर यांनी पुढाकार घेतला, आरोग्य विभागाच्या मदतीने गावातच तपासणी झाली आणि 119 जण बाधित निघाले.

119! एका गावात. टीव्हीवर कुणी तो आकडा लाल अक्षरांत दिवसभर फिरवला असता तर गाव रिकामं झालं असतं. भोसीने त्या आकड्यातल्या एकेका माणसाची सोय लावली. ज्यांना शेत होतं आणि त्रास कमी होता, ते पंधरा-सतरा दिवस आपापल्या शेतातल्या आखाड्यावर राहायला गेले. ज्यांना शेत नाही, जे मजुरी करून खातात, त्यांच्यासाठी भोसीकरांच्या शेतात चाळीस बाय साठ फुटांची शेड होती. आशाताई, अंगणवाडीताई, आरोग्य कर्मचारी रोज तिथे जायच्या, विचारपूस करायच्या. जेवण आणि औषधं जागेवर पोचायची. माणसं बरी होऊन घरी परतली आणि त्यानंतर दीड महिना गावात एकही नवा रुग्ण सापडला नाही.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाची वाटते ती भूमिहीनांची शेड. आखाडा असलेल्याला दूर राहणं जमतं, रोजमजुराने कुठे जायचं? हा प्रश्न बातम्या बघून सुचत नाही, गावातली घरं ओळखणाऱ्यालाच सुचतो.

वाईट बातमीला मर्यादा घाला असं मी म्हणते तेव्हा कान बंद करा असं म्हणत नाही. सप्टेंबर 2023 संपून ऑक्टोबर लागताना नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यात 12 नवजात बाळं होती. ती बातमी आपण ऐकायलाच हवी होती, आणि परत परत विचारायलाही हवी होती : औषधं किती होती, माणसं किती होती, कुणाची जबाबदारी होती. आपल्या जिल्ह्यातलं, ज्यावर आपण बोट ठेवू शकतो, जाब विचारू शकतो, धावून जाऊ शकतो, ते दुःख पूर्ण ऐका. ज्याचं तुम्ही काहीच करू शकत नाही, त्याला दिवसातली एक वेळ ठरवून द्या आणि ती संपली की मोबाइल ठेवून द्या.

आणि जे खरंच नाही, त्याला पाच मिनिटंसुद्धा देऊ नका. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो ही आवई उठली. कोंबडीचे भाव इतके कोसळले की महाराष्ट्रात पोल्ट्रीवाल्यांनी जिवंत पिल्लं पुरली. त्यांत कर्ज काढून शेड उभारलेली पोरंही असतील, तुमच्यापेक्षा थोडीच मोठी. तो मेसेज पुढे पाठवणाऱ्या कुणालाच त्यांचं वाईट करायचं नव्हतं. मोबाइल नव्हते तेव्हाही हे होतंच : 1896 च्या प्लेगात मुंबईतल्या आर्थर रोडच्या रुग्णालयात रोग्यांना मारतात अशी अफवा पसरली आणि गिरणी कामगारांचा जमाव त्या रुग्णालयावरच चालून गेला.

तुम्ही उद्या पुण्याला जाल, हैदराबादला जाल, काही जण इथेच फुलांची नाहीतर केळीची शेती बघाल. घरातले शिकलेले तुम्हीच. साथ पुन्हा आली, आणि ती कधीतरी येईलच, की रात्री अकराला आईचा फोन येईल : टीव्हीवर असं असं सांगतायत, खरं आहे का रे? त्या वेळी तिला देशातला आकडा सांगू नका. आपल्या गल्लीतलं कोण आजारी होतं आणि आता कसं आहे ते विचारा. जवळच्या दवाखान्यात खाट आहे का ते तुम्ही शोधून सांगा. शेजारी एकटी राहणारी म्हातारी असेल तर तिच्या डब्याचं कोण बघतंय ते ठरवा. आणि आज घरी गेल्यावर पदवीचा फोटो काढायच्या आधी आपल्या गावच्या आशाताईंचा नंबर मोबाइलमध्ये घ्या. बहुतेकांकडे तो नसेल.