बियाण्यांतलें देवभात

मालवणच्या किनारपट्टींत मृगापूर्वीं भाताचें बियाणें सुपांत येतें, तेव्हांच रानटी देवभात ओळखावें लागतें. पुढें तरव्यांत त्याची पात भातासारखीच दिसते. बेणणारा हात तेथें फसतो.

इतर परके लवकर सांपडतात. सांव्याचा दाणा बारीक, एका बाजूनें सपाट व दुसरीकडे फुगीर; लव्हाळ्याच्या जातीचें बीं तीनधारी. देवभात मात्र भाताच्याच कुळांतलें. त्याला लांब कुसळ असतें, परंतु तें कांहीं गांवठी भातांनाही असतें. आंतला दाणा तांबडा म्हणून दोषी धरावा, तर उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढलेल्या मुलखांत हा न्याय चालावयाचा नाहीं!

खरी खूण बुडाशीं आहे. देवभात पिकतांच आपोआप गळतें, म्हणून त्याच्या देंठाचा वण गुळगुळीत असतो. पेरलेलें भात झोडावें लागतें. तेथें देंठ तुटल्याचा खडबडीतपणा राहतो. साधें भिंग पुरतें. चीनमधील तियानलुओशान येथील सुमारें ६९०० ते ६६०० वर्षांपूर्वींच्या भाताचीं बुडें संशोधकांनीं अशींच तपासलीं. न गळणाऱ्या दाण्यांचा वांटा तेवढ्या काळांत शेंकडा २७ वरून ३९ झाला होता, असें त्यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलें.

कुसळ लांब, तूस काळपट आणि वण गुळगुळीत, अशा तिन्ही खुणा जुळल्या, तर तो दाणा वेचून चुलींत टाकावा. उकिरड्यावर नको, तेथून तो खताबरोबर पुन्हां शेतांत जातो.