पाळी कुणाच्या नावाची?

(पाणी वापर संस्थांच्या सभासद व संचालक स्त्रियांसाठी छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या शिबिरातील भाषण)



मला विषय दिला आहे 'पाणी वापर संस्थेत स्त्रियांचा सहभाग'. हा 'सहभाग' शब्द मी अहवालांत इतक्या वेळा लिहिला आहे की आता तो उच्चारताना थोडी लाज वाटते. का, ते आधी सांगते.

दहा-बारा वर्षांपूर्वी एम.एस.डब्ल्यू. होऊन मी पहिल्या नोकरीला लागले ती एका स्वयंसेवी संस्थेत. काम होतं जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरच्या एका मायनरवर शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था उभी करायला मदत करण्याचं. सभासद यादी करायची, लाभक्षेत्राचा नकाशा घेऊन गावात बसायचं, निवडणूक लावायची. निवडणूक बिनविरोध झाली. संचालक मंडळात तीन बायका आल्या. मी अहवालात लिहिलं, 'निर्णयप्रक्रियेत स्त्रियांचा सक्रिय सहभाग'. वरिष्ठांनी शाबासकी दिली.

महिनाभराने मी त्या तिघींपैकी एकीच्या घरी अभिनंदन करायला गेले. त्या अंगणात तूर झोडपत होत्या. मी म्हटलं, "अक्का, संचालक झालात, पेढे कुठायत?" त्या म्हणाल्या, "कशाच्या संचालक, बाई?" मला वाटलं, चेष्टा करतायत. नव्हती चेष्टा. मालकांनी एका कागदावर सही करायला सांगितली होती, त्यांनी केली होती. रेशनचं काहीतरी असेल असं त्यांना वाटलं होतं. परत येऊन मी ठरावाचं रजिस्टर उघडलं. तीन सभांना अक्का हजर होत्या, तिन्ही सह्या एका हाताच्या, आणि तो हात अक्कांचा नव्हता. दोष मी फक्त सचिवाला देत नाही. ते रजिस्टर दर महिन्याला तपासून त्यावर 'पाहिले' असं लिहिणारी मीच होते.

आता संस्थेबद्दल थोडं. इथल्या बऱ्याच जणींना माहीत आहे, पण आज पहिल्यांदा आलेल्याही आहेत. पैठणच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून लघुवितरिका, म्हणजे आपण जिला मायनर म्हणतो ती, तिच्यातून चाऱ्या आणि मग शेत. एवढ्या लांब वाटेवर सुरुवातीला ज्याचं शेत त्याला पाणी भरपूर, आणि टेलला ज्याचं शेत त्याला चारीत उगवलेलं गवत. वरच्या अंगाला ऊस उभा आणि खाली ज्वारी सुकलेली, हे चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. सरकारी पाटकरी प्रत्येक शेताच्या दारावर उभा राहू शकत नव्हता, आणि उभा राहिला तरी कुणाचं ऐकायचं ते ठरलेलं असे.

म्हणून विचार पुढे आला की मायनरपुरतं पाणी मोजून शेतकऱ्यांच्याच संस्थेच्या हवाली करावं आणि वाटप त्यांनी आपापसांत करावं. महाराष्ट्रात हे आधी सहकारी कायद्याखाली सुरू झालं. २००५ साली स्वतंत्र कायदा आला, 'महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम'. पाणी एकरावर नाही तर घनमीटरवर मोजून द्यायचं, संस्थेने सरकारला पट्टी भरायची आणि सभासदांकडून आपल्या दराने वसूल करायची, पीक कोणतं घ्यायचं ते शेतकऱ्याने ठरवायचं. संचालक सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या अशा तिन्ही भागांतून घ्यायचे, आणि स्त्रियांना राखीव जागा. कायदा वाईट नाही. टेलच्या माणसाची आठवण ठेवून लिहिलेला आहे.

टेलच्या माणसाने काय होतं, ते नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर दिसलं. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रातर्फे तिथे नव्वदीच्या सुरुवातीला संस्था बांधायला घेतल्या. ओझर कालव्याच्या शेवटाला. ज्यांना पाणी मिळत नव्हतं त्यांनीच पहिल्या संस्था काढल्या आणि पाणी शेवटपर्यंत नेलं. पुढे साऱ्या प्रकल्पाचं वाटप संस्थांच्या संघाकडे आलं. आपल्या कांचनवाडीच्या वाल्मीत आलेल्या शेतकऱ्यांनी हे उदाहरण ऐकलं नसेल असं क्वचितच. ते मोठंच काम आहे. पण ऐकताना मला सारखं वाटतं की चारीला जसा टेल असतो तसा घरालाही असतो, आणि तिथपर्यंत पाणी कोण नेणार?

कायदा शेतकरी कुणाला म्हणतो? लाभक्षेत्रात जिच्या किंवा ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला. म्हणजे सातबारा. निंदणारी, खुरपणारी, रात्री बॅटरी घेऊन नवऱ्याबरोबर दारं धरणारी बाई सातबाऱ्यावर नसेल तर ती सभासद नाही. सभासद नाही म्हणजे मत नाही, पाण्याचा अर्ज नाही, पाळी नाही. (पाळी म्हटलं की मागच्या रांगेत हसू येतं, ते मला माहीत आहे. हसा. एका पाळीला बाईने बाहेर बसायचं आणि दुसऱ्या पाळीला ती बाहेरच असते.)

त्याच मायनरच्या टेलला एक मावशी होत्या. नवरा वारलेला, दोन एकर रान, रब्बीचा हरभरा. सातबाऱ्यावर अजून नवऱ्याचं नाव आणि दीराचं. वारसनोंद झालीच नव्हती, कुणी करून दिली नव्हती. त्या वर्षी आवर्तन आलं, संस्थेचं पाणी पहिल्यांदा खरोखर टेलपर्यंत पोचलं. आम्ही सगळे आनंदात. मावशींच्या दारापाशी पाणी आलं ते मध्यरात्री, आणि पुढच्या रानात गेलं. सकाळी त्या समाजमंदिराच्या पायरीवर येऊन बसल्या. सचिव म्हणाले, "मावशी, तुमचा अर्जच नाही. तुम्ही सभासद नाहीत. दीराला पाठवा." दीर बोलत नव्हता, त्याच्याशी वाद होता तो त्याच रानाचा.

सचिव नियमाप्रमाणे बरोबर होते, हे मला जास्त लागलं. पूर्वी गोड बोलून, चहापाणी देऊन मावशी पाटकऱ्याकडून तासभर पाणी मिळवत असत. आता पाणी सरकार एकेकट्याला देत नाही, संस्थेलाच देतं. आम्ही पारदर्शक कारभार आणला आणि त्या कारभारात मावशींची ती एक फटही बुजली. हरभरा घाटे भरायच्या आत वाळला.

वारसाची नोंद करायला आम्हाला सात-आठ महिने लागले. खरं तर तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही, एवढंच आहे. दीराने हरकत घेतली म्हणून लांबलं. शेवटी नाव लागलं. पुढच्या हंगामात मावशींनी स्वतः अर्ज भरला आणि एक आवर्तन घेतलं. त्यानंतरच्या वर्षी धरणातच पाणी नव्हतं, तेव्हा कुणालाच मिळालं नाही.

सातबाऱ्यावर बाईचं नाव यावं ही मागणी नवी नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता, शासनानेही १९९२ साली पतीच्या हयातीत पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची योजना काढली. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. आणि तरी हक्कसोडपत्र आहेच. सांगायचं तर मीही केलं आहे. एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला होते, स्त्रिया आणि मालमत्तेचा हक्क यावर निबंध लिहिलेला होता, आणि दिवाळीला भावाने कागद पुढे केला तेव्हा सही केली. माहेर तुटेल ही भीती वाचनाने जात नाही. म्हणून सही करून बसलेल्या बाईला मी कधी उपदेश करत नाही. ज्यांनी अजून केलेली नाही त्यांना मात्र सांगते.

पण नावावर जमीन असेल त्यांचंच भागणार असेल, तर उरलेल्यांचं काय? आपल्याकडच्या किती बाया दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन निघतात. रब्बीचा हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होतो, पाळीपत्रक त्याच सुमारास ठरतं, आणि नेमक्या त्या वेळी टोळ्या गाडीत बसलेल्या असतात. कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस त्या तोडतात, पाण्याच्या सभेत त्यांची जागा नसते. त्यांच्याकडे जमीनच नाही म्हटल्यावर प्रश्नच मिटला असं आपण मानतो.

असं सगळ्यांनी मानलेलं नाही. विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाणी जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरलं, दर माणशी अर्धा एकर भिजेल इतकं. ऊस नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा, आणि जमीन विकली म्हणून पाणी तिच्याबरोबर जात नाही. सांगली जिल्ह्यात मुक्तिसंघर्ष चळवळीने येरळेवर लोकांच्या बळावर बळीराजा धरण बांधलं, तिथेही भूमिहीनांचा पाण्यावरचा हक्क मान्य केला. घरातल्या प्रत्येक डोक्याला पाणी, मग ते डोकं बाईचं का असेना, हे एकदा मान्य झालं की सातबाऱ्याची अट आपोआप ढिली पडते. २००५ च्या कायद्यात हे नाही. आपल्या संघटनांनी ही मागणी लावून धरायला हवी, आणि राखीव जागांवर समाधान मानून आपण ती अलीकडे खूपच हळू आवाजात करतो, असं माझं मत आहे. कुणाला राग आला तर चर्चेत बोला.

पुन्हा अक्कांकडे येते. रजिस्टरचा प्रकार कळल्यावर मी तिघींना बोलावलं आणि खरं ते सांगितलं. दोघी म्हणाल्या, नको बाई, घरात वाद होतील. अक्का म्हणाल्या, "सही माझी, तर पाणी किती आलं ते तरी दाखव." मी त्यांना मायनरच्या तोंडाशी नेलं. तिथे पाणी मोजायची पट्टी बसवलेली असते. पाणी किती सेंटिमीटरला टेकलं ते वाचायचं आणि तक्त्यात बघायचं, सेकंदाला किती लिटर. त्यांच्या चारीच्या तोंडावर आम्ही वाचलं, ३० लिटर. अक्का चौथी शिकलेल्या. तासाचे ३६०० सेकंद, त्याला तीसने गुणायचं, म्हणजे १ लाख ८ हजार लिटर, म्हणजे १०८ घनमीटर. एका एकरात बोटभर नाही, चांगलं चार बोटं पाणी उभं करायचं तर साधारण तीन तास. हे त्यांनी वहीत नाही, भिंतीवर कोळशाने लिहिलं.

मग त्या पाळीपत्रक घेऊन बसल्या. वरच्या अंगाच्या एका दोन एकरवाल्याला अकरा तास लावलेले होते. पुढच्या सभेला अक्का गेल्या. सभा रात्री नऊला, देवळाच्या पारावर. पारावर बायका बसत नाहीत, म्हणून त्या खाली उभ्या राहिल्या आणि उभ्यानेच विचारलं, "दोन एकराला सहा तास होतात, हे पाच तास कुणाचे?" कुणी उत्तर दिलं नाही. एकजण म्हणाला, "वहिनी, तुम्हाला यातलं काय कळतं?" अक्कांनी हिशेब म्हणून दाखवला. ते पाच तास त्या आवर्तनात काही परत आले नाहीत. पण पुढची सभा दुपारी दोनला ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवली गेली, आणि पाळीपत्रक फळ्यावर लावायचा ठराव झाला. घरी अक्कांशी महिनाभर कुणी धड बोललं नाही, हेही सांगायला हवं. त्या काळात त्यांच्या सोबत संध्याकाळी जाऊन बसणं, एवढंच काम मी केलं, आणि ते कुठल्याही अहवालात लिहिलं नाही.

तुमच्यापैकी ज्या संचालक आहेत त्यांनी घरी गेल्यावर आधी ठरावाचं रजिस्टर मागा आणि आपली सही आपली आहे का ते बघा. सभेची नोटीस, पाणीपट्टी वसुलीची वही आणि पाळीपत्रक बघायला मागा. पाणी मोजणं कठीण असतं असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

बऱ्याच जणींनी सातबारा आणले आहेत. जेवणानंतर मागच्या खोलीत बसू. वारसनोंद राहिलेल्यांनी मृत्यूचा दाखलाही जवळ ठेवा, अर्ज इथेच लिहून घेऊ. मोजायची पट्टी आणि तक्ता मी सोबत आणला आहे. बाहेरच्या हौदाचं पाणी पन्हळीतून सोडून आधी हात बसवू, आणि उद्या सकाळी चारीवर जाऊ.