कामगारकपात आणि नोटीस

‘उद्यापासून येऊ नका’ एवढं तोंडी सांगून कामगाराला कमी करता येत नाही. कारखान्यात सलग वर्षभर काम झालं असेल, तर कपात करताना मालकाला कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर महिन्याचा पगार. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाएवढी भरपाई. सरकारलाही कळवावं लागतं. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातली ही तरतूद २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. वर्षभर म्हणजे बारा महिन्यांत कामाचे २४० दिवस. भरपगारी रजाही त्यात धरतात. गैरवर्तनाबद्दल बडतर्फीचा मार्ग वेगळा: तिथे आरोपपत्र आणि चौकशी हवी. कामाचे २४० दिवस दाखवता यावेत म्हणून हजेरीच्या नोंदी आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा.