हॅम्स्टरच्या पानाची डावी बाजू

महाराष्ट्रीय घरांत पान वाढण्याची एक ठरलेली रीत आहे. मध्यभागीं भात किंवा पोळी, उजव्या बाजूस भाजी व आमटी, आणि डाव्या बाजूस मीठ, लिंबाची फोड, चटणी व कोशिंबीर. डावी बाजू नसली तर जेवणास रुचि येत नाहीं. परंतु डाव्या बाजूवर कोणी पोट भरीत नाहीं. हॅम्स्टर नांवाचा जो चिमुकला प्राणी अलीकडे मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील घरांत पाळला जाऊं लागला आहे, त्याच्या आहारांत ताज्या भाजीचें स्थान नेमकें हेंच, म्हणजे डाव्या बाजूचें आहे. घरांतील मंडळी मात्र बहुधा याच्या उलट समजून चालतात.

त्याचें कारण समजण्यासारखें आहे. आई मुलांना उठतां बसतां ‘भाजी खा’ म्हणून सांगत असते. मुलें तोच उपदेश पिंजऱ्यांतील सोबत्यास करतात, आणि तो प्राणी तो उपदेश मुलांहून पुष्कळच अधिक मनावर घेतो. गाजराचा तुकडा पुढें धरला कीं तो दोन पंजांत घेतो, कुरतडतो, गालांत भरतो व आणखी मागावयास येतो. हें पाहण्यांत इतकी मौज असते कीं, येतां जातां प्रत्येक जण त्याला कांहींतरी देतो. आजोबा कोथिंबिरीची काडी देतात, ताई काकडीची चकती देते, आणि धाकटा आपल्या ताटांतील नावडता कोबी परस्पर तिकडे खपवितो. कोणी किती दिलें याचा हिशेब कोणाजवळच नसतो. चार दिवसांनीं तो प्राणी कोपऱ्यांत अंग चोरून बसतो, त्याची शेपटीकडील बाजू ओली दिसते, आणि एखाद्या सकाळीं तो उठतच नाहीं. त्या वेळचें मुलाचें रडणें ज्या घरानें ऐकलें आहे, त्या घरास या विषयाचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

हा प्राणी मूळचा कोठला हें पाहिलें म्हणजे अर्धें उत्तर मिळतें. सोनेरी हॅम्स्टर हा सीरिया देशांतील अलेप्पो, ज्यास अरब लोक हलब म्हणतात, त्या शहराभोंवतालच्या पठाराचा व त्यास लागून असलेल्या तुर्कस्थानच्या सरहद्दीचा रहिवासी. लंडनचे प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉटरहाउस यांनीं १८३९ मध्यें त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. पण पुढें जवळजवळ शंभर वर्षें त्याच्याकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. नंतर जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांत सॉल ॲडलर हे काळा आजार व त्याच्या जातीच्या रोगांचा अभ्यास करूं लागले. बंगाल, आसाम व बिहार या प्रांतांत ज्यानें असंख्य माणसें नेलीं, तोच हा काळा आजार. प्रयोगास उपयोगी पडेल असा लहान प्राणी त्यांना हवा होता. त्यासाठीं इस्रायल अहारोनी हे प्राणिशास्त्रज्ञ १९३० च्या एप्रिल महिन्यांत अलेप्पोस गेले, आणि तेथील एका गव्हाच्या शेतांत खोल खणून त्यांनीं एक मादी व तिचीं अकरा पिलें हस्तगत केलीं. त्यांतील बरींचशीं दगावलीं किंवा निसटून गेलीं. उरलेल्या थोडक्या जिवांपासून वंश वाढला, आणि आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅम्स्टर त्या एकाच बिळाचे वारस आहेत.

तें बीळ गव्हाच्या शेतांत होतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्या मुलखांत हिरवळ थोडे दिवस टिकते आणि उन्हाळा लांब व कोरडा असतो. तेथें जगावयाचें म्हणजे दाणा मिळेल तेव्हां तो वेंचून बिळांत साठवावा, हाच धर्म. ‘हॅम्स्टर’ या जर्मन नांवापासून त्या भाषेंत साठेबाजी करणें या अर्थाचें क्रियापदही झालें आहे. रानांतला हॅम्स्टर कोवळे कोंब, पाला व किडे खातो, नाहीं असें नाहीं. तथापि त्याच्या संसाराचा मुख्य आधार कोरडें धान्य व बीं हाच होय. त्याच्या शरीराची घडणही त्यास अनुरूप अशीच आहे. दोन्ही गालांत थेट खांद्यापर्यंत पोंचणाऱ्या पिशव्या असतात. त्यांत दाणे भरून तो घरीं नेतो व तेथें पंजांनीं गाल दाबून ते बाहेर काढतो. जठराचे दोन कप्पे असून पहिल्यांत सूक्ष्म जंतूंच्या साहाय्यानें अन्न आंबतें. हे जंतु ठराविक अन्नास सरावलेले असतात. एके दिवशीं केवळ दाणे व दुसरे दिवशीं पिंजराभर पाला असा पालट झाला, म्हणजे आंतला सारा कारभार बिघडतो आणि हगवण लागते.

प्रमाणाचा अंदाज येण्यासाठीं शाळेंतील त्रैराशिक पुरेसें आहे. मोठ्या सोनेरी हॅम्स्टरचें वजन सुमारें १२० ग्रॅम धरावें व माणसाचें ६० किलो. म्हणजे माणूस ५०० पटींनीं जड झाला. काकडीच्या एका जाड चकतीचें वजन सहज १२ ग्रॅम भरतें. तिला ५०० नीं गुणलें असतां ६००० ग्रॅम होतात. कोणी प्रेमळ यजमान पाहुण्यापुढें सहा किलो काकडी ठेवून ‘एवढें संपवाच’ म्हणून आग्रह करील, तर त्या आतिथ्यास काय म्हणावें? ताईनें दिलेली चकती ती हीच. बोटाच्या नखाएवढा तुकडा, आणि तोही आठवड्यांतून दोन-तीन वेळां, एवढें या पाहुण्यास पुरतें. ज्यास भाजीची मुळींच संवय नाहीं, त्यास आरंभीं त्याहूनही निम्मा द्यावा, आणि एका वेळीं एकच नवी भाजी द्यावी, म्हणजे काय सोसलें व काय बाधलें तें कळतें.

गिनीपिग पाळणाऱ्यांचें पाहून पुष्कळ घरांत गैरसमज होतो. गिनीपिगचें शरीर माणसाप्रमाणेंच क जीवनसत्त्व तयार करूं शकत नाहीं. सबब त्यास रोज ताजी भाजी हवीच. हॅम्स्टर तें स्वतःच्या शरीरांत तयार करतो. तेव्हां चार दिवस भाजी मिळाली नाहीं म्हणून त्याचें कांहीं अडत नाहीं. गांवास जावयाचें असेल तर शेजाऱ्यांवर दाणा-पाण्याचा भार सोंपवावा. भाजीची काळजी करूं नये.

आतां पानाच्या मध्यभागाविषयीं. येथें युरोपांतील एक हकीकत सांगण्यासारखी आहे. फ्रान्सच्या आल्सास प्रांतांत हॅम्स्टरची दुसरी, आकारानें मोठी अशी जात शेतांतून राहते. पूर्वी तिची इतकी भरभराट होती कीं शेतकरी तिला उपद्रव समजून मारीत. आतां ती नामशेष होण्याच्या पंथास लागली आहे, आणि २०२० मध्यें तिची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली. तेथील शेतांतून मैलोगणती एकटा मका दिसूं लागला होता. स्ट्रासबुर्गच्या संशोधकांनीं कांहीं माद्यांना मका व कांहींना गहू दिला, आणि त्याच्या जोडीला कोणास क्लोव्हरचा हिरवा पाला, तर कोणास गांडुळें दिलीं. २०१७ मध्यें त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. गव्हावरील माद्यांनीं पिलें नीट वाढविलीं. मक्यावरील माद्यांनीं पिलें जन्मतांच खाऊन टाकलीं. मक्यांतून त्यांस नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, मिळत नव्हतें; तें निराळें दिल्याबरोबर माता पुन्हां मातेसारख्या वागूं लागल्या. याच अभावानें माणसांस पेलाग्रा होतो. तो दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरीब लोकांतही आढळला, आणि हैद्राबाद येथें डॉ. सी. गोपालन यांनीं १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. या प्रयोगांत ध्यानीं घेण्याची गोष्ट ही कीं, मक्याच्या जोडीस हिरवा पाला असूनही तो मदतीस आला नाहीं. भातच बिघडला तर कोशिंबिरीनें जेवण सावरत नाहीं.

म्हणून हॅम्स्टरपुढें एकाच धान्याची रास न ओततां गहू, ज्वारी, बाजरी, राळा, थोडी डाळ असें मिश्रण ठेवावें. सूर्यफुलाचें बीं व शेंगदाणे त्यास फार आवडतात, परंतु त्यांत तेल पुष्कळ. ते मोजकेच द्यावे. अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा कणभर भाग दिला तर चांगलें. घर शाकाहारी असलें तरी पाहुण्यानें तें व्रत घेतलेलें नाहीं.

भाज्यांपैकीं काकडी, दुधी, लाल भोपळा, ढोबळी मिरची, फरसबीची शिजवलेली शेंग, फ्लॉवरचा तुरा, कोथिंबीर, मेथीचीं पानें व मोड आलेले मूग हे पदार्थ अल्प प्रमाणांत निर्धोक होत. गाजर चांगलें, परंतु गोड. चिनी हॅम्स्टर व त्याचे कांहीं बुटके भाऊबंद यांना मधुमेहाची खोड असते, त्यांना गाजर व फळें जवळजवळ वर्ज्यच समजावीं. पालकांत ऑक्झॅलिक आम्ल असल्यानें तो क्वचित् द्यावा. कोबीनें पोट फुगतें. कांदा, लसूण व त्यांची पात कधींही देऊं नये. लिंबू-संत्र्यासारखीं आंबट फळें टाळावीं. बटाटा कच्चा देऊं नये. मोड आलेला किंवा हिरवा पडलेला तर नाहींच नाहीं, आणि टोमॅटोच्या झाडाचा पालाही नाहीं. कच्चा राजमा विषारी असतो. फोडणी दिलेली, तिखटमिठाची भाजी म्हणजे आपल्या पानांतील उष्टें. तें त्याच्या कामाचें नाहीं. गूळ, चॉकलेट असले चिकट पदार्थ गालाच्या पिशवींत अडकून बसतात. भाजी बाजारांतून आणल्यावर दोन-तीन पाण्यांनीं धुवावी, कारण फवाऱ्याचें औषध माणसास बाधलें नाहीं तरी १२० ग्रॅमच्या जिवास बाधूं शकतें. आणि धुतल्यावर ती फडक्यानें कोरडी पुसावी.

शेपटीखालचा भाग ओला दिसला कीं भाजीसच दोष देणें मात्र न्यायाचें नव्हे. कोवळ्या वयाच्या सोनेरी हॅम्स्टरांना जंतूंपासून होणारी आंतड्याची एक कठीण साथ आहे, आणि नवें घर, नवा पिंजरा, अचानक पालटलेला आहार यांनीं तिला वाव मिळतो. तेव्हां नुकतेंच आणलेलें पिलूं दुकानांत जें खात होतें तेंच पहिले आठ-दहा दिवस त्यास द्यावें व भाजी बंद ठेवावी. हगवण लागलीच तर भाजी थांबवून, पाणी पुढें ठेवून, त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा. एवढ्या लहान शरीरांतील पाणी एक-दोन दिवसांतच आटतें. घरच्या औषधांच्या डब्यांतील गोळीचा तुकडा देण्याचा मोह आवरावा. पेनिसिलिनसारखीं माणसांस तारणारीं औषधें हॅम्स्टरच्या आंतड्यांतील उपकारक जंतु मारून त्याचाच प्राण घेतात.

वैशाख-ज्येष्ठांत पुष्कळांना वाटतें, उकाडा आहे, काकडी भरपूर द्यावी. उकाड्याचा उपाय काकडी नव्हे. या प्राण्यास घाम येत नाहीं, म्हणून पिंजरा उन्हांतून काढून घरांतील सर्वांत थंड खोलींत ठेवावा व पाण्याची बाटली दोन वेळां भरावी. पावसाळ्यांत निराळी अडचण. हवेंत ओल असते, आणि सकाळची भाजी संध्याकाळपर्यंत बुळबुळीत होते.

येथेंच या प्राण्याचा साठवण्याचा स्वभाव आडवा येतो. भाजी संपली असें मालकास वाटतें. खरें पाहतां ती गालांतून कोठारांत गेलेली असते. दाणा महिनोन्महिने टिकतो, हें त्याच्या पूर्वजांनीं शिकविलें. काकडी टिकत नाहीं, हें त्यास कोणी शिकविलें नाहीं. तीन दिवसांनीं तोच कुजलेला तुकडा तो उकरून खातो, आणि ज्या दिवशीं कांहींच बाधक दिलें नाहीं त्या दिवशीं प्राणी आजारी कसा पडला, याचें घरांत नवल चालतें. यासाठीं हा निशाचर जागा होतो तेव्हां, म्हणजे दिवेलागणीनंतर, भाजी द्यावी, आणि दुसरे दिवशीं सकाळीं तो झोंपला असतां हलक्या हातानें कोपरे तपासून ओलें असेल तेवढें काढून घ्यावें. स्वच्छतेच्या भरांत सारें कोठार मात्र उपसूं नये. तें रिकामें दिसलें कीं तो रात्रभर सैरावैरा धांवतो व दुप्पट नेटानें साठवूं लागतो. मूठभर कोरडे दाणे त्याच जागीं, त्याच कोपऱ्यांत परत ठेवावे.