आणखी एकच वाद्य!

परवा संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. धुळ्याकडचा हा तरुण लग्नसराईत बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. आपल्या खानदेशातला बँड म्हणजे काय, हे श्रोत्यांना सांगायला नकोच. तुळशीचे लग्न लागले की सजवलेल्या गाड्या रस्त्यावर येतात. बेंजो, ढोल आणि भोंगे यांचा एकच कल्लोळ उडतो. अहिराणी गाणे सुरू झाले की वऱ्हाडी मंडळी जागची हलत नाहीत आणि घोड्यावरचा नवरदेव बिचारा ताटकळत राहतो. त्या सगळ्या कल्लोळाच्या तळाशी जो जाड, घुमता सूर चालू असतो, तो या बेस गिटारीचा. आपल्या तंबोऱ्यात खर्जाची तार जे काम करते, काहीसे तसेच काम हिचे. चालू असते तोवर तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते. थांबली की गाण्याखालची जमीनच गेल्यासारखी वाटते.

चहा घेता घेता तो म्हणाला, "सर, आणखी एक गिटार घ्यावी म्हणतो."

मी विचारले, "का? पहिली मोडली की काय?"

"नाही सर, पहिली छान आहे. दुसरीही छान आहे."

"म्हणजे ही तिसरी?"

तो जरा लाजला. म्हणाला, "चौथी."

मला हसू आले. आता याला चार शब्द ऐकवावेत म्हणून मी सरसावून बसलो. आणि तेवढ्यात माझी नजर खोलीच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे चादरीखाली माझ्या बाजाच्या पेट्या होत्या. त्याही चारच! उपदेश घशातच राहिला.

श्रोतेहो, आज मी बोलणार आहे ते या ओढीविषयी. अमेरिकेतल्या गिटारवाल्यांनी तिला थट्टेने रोगाचेच नाव देऊन टाकले आहे. मात्र हा रोग गिटारवाल्यांपुरता आहे, असे कुणी समजू नये. भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला तो होतो, तबलजीला होतो. आणि पुस्तके घेऊन ती न वाचणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना तर तो फार जुना आहे.

या मोहाची गंमत अशी की तो कधी मोह म्हणून येत नाही. तो गरज म्हणून येतो. माझ्या विद्यार्थ्याची पहिली गिटार चार तारांची. पुढे त्याला वाटले, आणखी खालचा सूर हवा. म्हणून पाच तारांची घेतली. मग सुरांवरून बोट घसरवून मींड काढता यावी म्हणून बिनपडद्याची आली. प्रत्येक वेळी कारण खरे होते, खोटे एकही नव्हते. माझेही तसेच. पहिली पेटी साधी, एकेरी सुरांची. दुसरी खर्ज-नर, भजनात आवाज भरावा म्हणून. तिसरी स्केलचेंजर, कारण गाणाऱ्याची पट्टी बदलते. चौथी लहान, प्रवासात न्यायला. आता खरे सांगतो, त्या चौथ्या पेटीने भुसावळच्या पलीकडे प्रवास केलेला नाही.

कारणे खरी असूनही आपण फसतो ते कुठे? मी पुष्कळ विचार केला, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. नवे वाद्य घरी येते त्या दिवशी आपण वाद्य विकत घेत नसतो. आपण एक आशा विकत घेत असतो. या पेटीवर माझा यमन चांगला वाजेल, ही ती आशा. यमन न वाजण्याचे कारण माझ्या बोटांत आहे, पहाटे न उठण्यात आहे, हे मनाला ठाऊक असते. पण पहाटे उठणे कठीण आणि दुकानात जाणे सोपे. आता तर दुकानातही जावे लागत नाही. मोबाइलवर एक वाद्य पाहिले की त्याची दहा भावंडे रात्री अकरा वाजता आपल्या उशाशी येऊन उभी राहतात, वर हप्त्याची सोय! महिना दोन महिने नवेपणाच्या भरात आपण वाजवतोही. पुढे जुनी चूक नव्या पेटीवर ऐकू येऊ लागते, आणि मन म्हणते, आणखी एकच घेऊन पाहू.

आमच्या घरी एवढेच म्हणणे झाले, "पेट्या चार झाल्या, पण हात तर दोनच आहेत ना?" मी ते हसण्यावारी नेले. पण एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही, ती आज सांगतो.

ज्या वर्षी मी तिसरी पेटी घेतली, त्या वर्षी वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रियेसाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते. तेवढ्यात ही पेटी नजरेस पडली. माझ्या हातून ती सुटेना. मी वडिलांना म्हणालो, पावसाळा जाऊ द्या, दिवाळीनंतर निवांत करू. त्यांनी मान हलवली. ते शेतकरी माणूस. मुलाच्या पैशाचा हिशेब त्यांनी कधी विचारला नाही. चार महिने ते भिंतीला हात लावून घरात वावरत होते. एका संध्याकाळी मी वाजवत बसलो असता ते चाचपडत आले, जवळ बसले आणि म्हणाले, "आवाज चांगला शे, भाऊ." ती पेटी त्यांना नीट दिसतही नव्हती. पुढे शस्त्रक्रिया झाली, दृष्टी आली, सगळे ठीक झाले. पण त्या पेटीवर मी पुन्हा मोकळ्या मनाने वाजवू शकलो नाही.

ही गोष्ट मी त्या विद्यार्थ्यालाही सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, माझ्या बहिणीची फी दोन महिने राहिली आहे."

मग आम्ही दोघे गिटारीविषयीच बोलत बसलो. बोलता बोलता जेम्स जेमरसन यांचे नाव निघाले. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली आणि ती जगभर पसरली. हे जेमरसन तिचे थोर वादक. डेट्रॉइट शहरात मोटाउन कंपनीच्या कितीतरी गाण्यांना १९६०च्या दशकात त्यांनी खालचा सूर पुरवला. त्यांचे नाव मुख्यतः एकाच वाद्याशी जोडलेले आहे, ती म्हणजे १९६२ सालची एक फेंडर गिटार. तारा ते सहसा बदलत नसत, आणि उजव्या हाताचे बहुधा एकच बोट वापरत. एक गिटार, जुन्या तारा, एक बोट! जगातले बेस वादक आजही त्या बोटाचा अभ्यास करतात.

तितके लांब तरी कशाला जायचे? आपल्या जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी घ्या. घरातली आणि शेतातली कामे करता करता त्यांनी ओव्या रचल्या. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. जात्यावर बसणाऱ्या आपल्या आयाबायांना साथीला वाद्य कोणते? जात्याची घरघर, तोच त्यांचा खर्ज. तो विकत घ्यावा लागत नव्हता. दळणाबरोबर तो आपोआप लागत होता.

यावर कुणी म्हणेल, मग संग्रह करणे वाईटच का? तसे मुळीच नाही. धुळ्यातच त्याचे उत्तर आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून कागदपत्रांची दप्तरे मिळवली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने बावीस खंड प्रसिद्ध केले. १९२६च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचे देहावसान झाले आणि १९२७ साली त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. पुण्याला दिनकर केळकर यांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने 'राजा केळकर संग्रहालय' उभारले. दिवे, अडकित्ते, दौती यांच्याबरोबर तिथे जुनी वाद्येही आहेत. तो सारा संग्रह त्यांनी राज्याच्या स्वाधीन केला. या दोघांनी जमवले पुष्कळ, पण चादरीखाली झाकून ठेवले नाही. नष्ट होणारी वस्तू वाचवावी आणि लोकांपुढे ठेवावी, यासाठी त्यांचा संग्रह होता. माझ्या चार पेट्यांनी कोणती वस्तू वाचवली? उलट त्याच नष्ट होत होत्या!

कारण वाद्य हे सोन्यासारखे नाही. जळगावचे सोने पेटीत ठेवले तर तसेच राहते. बाजाची पेटी ठेवली तर बिघडते. आपल्याकडच्या वैशाखात लाकूड सुकते, सांधे उकलतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते आणि पट्ट्या अडकतात. भात्याला चिरा पडतात, सुरांवर धूळ बसते, तारांना गंज चढतो. वाद्य हे बैलासारखे आहे. रोज थोडे काम, रोज थोडी देखभाल, तरच ते धड राहते. गोठ्यात चार जोड्या उपाशी बांधण्यापेक्षा एक जोडी पोटभर चारलेली बरी, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही.

इथे शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. तुमच्या शाळेच्या कपाटात एखादी पेटी, एखादी तबल्याची जोडी असेल. डेडस्टॉक रजिस्टरात तिची नोंद आहे, मुले मोडतील म्हणून कुलूप आहे. ते कुलूप काढा. मुलांच्या हातांनी बिघडलेली पेटी दुरुस्त होते; वर्षानुवर्षे बंद राहिलेली पेटी कुलपाच्या आतच बिघडते, आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही.

शेवटी आम्हा दोघांचे काय झाले, तेही सांगतो. माझी खर्ज-नर पेटी आता एका खेड्यातल्या भजनी मंडळाकडे आहे. एक विकली, किंमत निम्मीसुद्धा आली नाही, तो माझ्या हौसेचा दंड. लहान पेटी एका विद्यार्थिनीला दिली. मागच्या आठवड्यात तिने यमन वाजवून दाखवला, माझ्याहून बरा. स्केलचेंजर मात्र मी ठेवली आहे. वडील तिचा आवाज ओळखतात, म्हणून.

तो तरुण चौथी गिटार घेणार नाही असे म्हणून गेला. पाच तारांची त्याने बँडमधल्या एका मुलाला वाजवायला दिली आहे आणि बहिणीची फी भरली आहे. तिसरीचे हप्ते अजून चालू आहेत. मोह सुटला असे तो म्हणत नाही. मीही म्हणणार नाही. पुण्याला गेलो की एका दुकानाच्या काचेशी माझी पावले आजही रेंगाळतात. पण आता तिथे उभा राहून मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: घरी आहे ती पेटी आज सकाळी वाजवलीस का?

बहुतेक वेळा उत्तर नाही असेच येते. मग मी मुकाट्याने स्टेशनाची वाट धरतो.