मसुदा यंत्राचा, तपासणी माणसाची



भाषांतर करणारं यंत्र आता आपल्या मोबाईलमध्ये आहे.
पण त्यावरचं काम आपल्या पुण्यात फार आधी सुरू झालं.

सी-डॅक ही सरकारी संस्था १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाली.
'परम' महासंगणक तिचाच.
याच संस्थेनं 'मंत्र' ही भाषांतर प्रणाली घडवली.
सरकारी कार्यालयांतला इंग्रजी मजकूर हिंदीत आणण्यासाठी.

तिचं तत्त्व साधं.
यंत्र माणसाला मदत करणार.
अखेरची नजर माणसाची.

हेच तत्त्व आजही लक्षात ठेवा.

परभाषेतला निरोप समजून घ्यायचाय?
यंत्र पुरे.

पण करारनामा असेल,
औषधाची सूचना असेल,
न्यायालयाचा कागद असेल,
तर व्यावसायिक भाषांतरकाराकडेच जा.

काम देताना तीन गोष्टी विचारा.

यंत्र वापरणार का?
मजकूर कोण तपासणार?
आमची कागदपत्रं गोपनीय राहतील ना?

उत्तरं लेखी घ्या.
आपल्या कामातल्या ठरलेल्या शब्दांची यादीही सोबत द्या.
काम सोपं होतं, चुका टळतात.

पुन्हा सांगते.
मसुदा यंत्राचा चालेल.
तपासणी माणसाचीच हवी.

भाषांतरित कागदावर सही करण्याआधी, श्रोतेहो,
तो कुणी तपासलाय, एवढं जरूर विचारा.